केळकरांचा एकच दर आणि आमची सीमा

बेळगावात एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या एका मुलीने विचारलंय : "विजय केळकर यांना उदारमतवादी अर्थतज्ज्ञ म्हणतात, पण ते तर बराच काळ सरकारातच होते. मग उदारमतवादी कसे? सरकारने त्यांचं ऐकलं का? आणि आपल्या सीमाभागात त्याने काय फरक पडला?"

मी अर्थतज्ज्ञ नाही. निपाणीत कर सल्लागार आहे, बत्तीस वर्षं झाली. विक्रीकर, व्हॅट, जीएसटी अशा तिन्ही राजवटींत लोकांची रिटर्नं भरली. दिल्लीतल्या अहवालांचं काय होतं ते आमच्याकडे बिलबुकातून कळतं, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

आधी पहिल्या प्रश्नातली गाठ सोडवू. उदारमतवादी म्हणजे सरकार नकोच म्हणणारा, हा समज आपल्याकडे फार आहे. निपाणीत तर तो मुरलेलाच. १९८१ साली शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी इथल्या हमरस्त्यावर शेतकरी बसवले आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मेली. आमच्या आधीच्या पिढीने उदारमतवाद ऐकला तो त्या रस्त्यावर. सरकारने वाटेतून बाजूला व्हावं, मग शेतकरी बघून घेईल, असा तो सूर होता. केळकरांचा सूर निराळा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते अमेरिकेत गेले, मिनेसोटा आणि मग बर्कलेला शिकून परत आले. पेट्रोलियम सचिव झाले, १९९८-९९ मध्ये वित्त सचिव, पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर भारताचे कार्यकारी संचालक, परतल्यावर जसवंत सिंह अर्थमंत्री असताना त्यांचे सल्लागार, आणि नंतर केंद्राचे कर राज्यांत कसे वाटायचे ते सुचवणाऱ्या तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. इतकी वर्षं सरकारात काढलेला माणूस सरकार नको कसं म्हणेल? त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर असं : कर घ्या, पण थोडा घ्या, सगळ्यांकडून सारखा घ्या, आणि कोणाकडून किती घ्यायचा हे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर ठेवू नका. मर्जी गेली की अर्धं स्वातंत्र्य आलं. व्यापाऱ्याला कराच्या दरापेक्षा मर्जीची भीती जास्त असते, हे मी शपथेवर सांगेन.

२००२ साली प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांसाठी दोन कृती गट नेमले गेले, दोन्हींचे अध्यक्ष केळकर. प्रत्यक्ष कराच्या अहवालाने शहरी पगारदार चवताळला. करमुक्त मर्यादा एक लाख करा, पण बचतीवरच्या आणि घरकर्जावरच्या सवलती काढा, असं त्यात होतं. आमच्याकडे तेव्हा एक शिक्षक आले होते. नुकतंच घर बांधलेलं. म्हणाले, "हा कोण माणूस? ह्याला घर नाही का?" सरकार घाबरलं आणि सवलती राहिल्या. पण २०२० च्या अर्थसंकल्पात 'नवी कररचना' आली : दर कमी, वजावटी जवळपास नाहीत, पाहिजे तर घ्या. आज माझ्याकडचे तरुण पगारदार बहुतेक त्यातच जातात. तीच कल्पना, अठरा वर्षांनी, आणि तीही ऐच्छिक म्हणून.

त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र गाजावाजा न होता अमलात आली, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. कर भरल्याची माहिती एका जाळ्यात आणा, असं त्यांनी सुचवलं होतं. २००४ पासून ते करमाहितीचं जाळं उभं राहिलं. त्याआधी काय होतं ते आताच्या मुलांना सांगूनही पटत नाही. बँकेत चार प्रतींचं चलन. कार्बन नीट बसला नाही तर चौथ्या प्रतीवर नुसते ओरखडे. टीडीएसचा कागदी दाखला कापणाऱ्याकडून आणायचा, रिटर्नला टाचायचा, आणि तो फाइलीतून गळाला की परतावा गेला. परताव्यासाठी माझ्या एका अशिलाने एका कार्यालयाच्या इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी प्रवासखर्च परताव्याहून जास्त झाला. आता घरबसल्या आपल्या नावाचा करउतारा उघडा, कोणी किती कापलं ते समोर. मर्जी गेली म्हणतो ती अशी.

आता मुख्य मुद्दा, सीमा.

२००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला. तो कसा राबवायचा यासाठी केळकरांच्या अध्यक्षतेखाली गट बसला आणि जुलै २००४ मध्ये अहवाल आला. विषय तुटीचा, पण त्यात त्यांनी वस्तू आणि सेवा दोन्हींवर केंद्र आणि राज्यांनी मिळून लावायच्या एकाच कराचा आराखडा मांडला. तूट कमी करायची तर खर्चावर कात्री चालवण्यापेक्षा करजाळं नीट विणा, असा तो विचार. २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी १ एप्रिल २०१० ही तारीख जाहीर केली. प्रत्यक्षात जीएसटी आला १ जुलै २०१७ ला.

ही तेरा वर्षं सीमेवरच्या माणसाला काय पडली ते सांगतो. कर्नाटकातली निपाणी ते महाराष्ट्रातलं कागल वीसेक किलोमीटर. भाषा तीच, सोयरिकी त्याच, बाजाराला जाणारी माणसं तीच. पण निपाणीच्या दुकानदाराने कागलच्या दुकानदाराला माल विकला की तो आंतरराज्य व्यवहार, त्यावर केंद्रीय विक्रीकर. शेवटी शेवटी तो २ टक्के होता, तोही घेणाऱ्याकडून सी फॉर्म, म्हणजे या सवलतीच्या दरासाठी लागणारा दाखला, आला तर. हे २ टक्के दिसायला किरकोळ, पण घेणाऱ्याला त्याची वजावट, म्हणजे आपण भरायच्या करातून तो वजा करायची सोय, मिळत नसे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीचं कास्टिंग एकाच भावाचं असलं तरी कोल्हापूरचा कारखानदार शिरोलीचंच घेणार, कारण तिथला कर पूर्ण वजा होतो. गावं तोडली १९५६ ला, पण बाजार रोज तोडत होता तो हा २ टक्क्यांचा बांध.

आणि सी फॉर्म! घेणाऱ्याने तो आपल्या राज्याच्या कार्यालयातून मिळवायचा आणि विकणाऱ्याला पाठवायचा. १० लाखांचा माल गेला, २ टक्क्यांनी २० हजार भरले. तीन वर्षांनी असेसमेंटला फॉर्म हाती नाही, समोरच्याने दुकान बंद केलेलं. मग स्थानिक दर. तो साडेचौदा असेल तर १ लाख ४५ हजार, वर व्याज. माझ्या उमेदीची किती वर्षं लोकांचे सी फॉर्म शोधण्यात गेली! कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बसने. एकदा हुपरीला एका माणसाच्या लग्नघरी जाऊन फॉर्म आणलाय, मांडवात.

यातून लोकांनी वाट काढली ती आपल्या पद्धतीने. एक फर्म निपाणीत, एक कागलला. एक भावाच्या नावावर, एक बायकोच्या. कागलला एक खोली, एक टेबल, एक पाटी. व्यापाराला त्याची गरज नव्हती, गरज होती ती करकायद्याला. केळकरांच्या लिखाणात वारंवार येणारा मुद्दा हाच : कर असा असावा की माणसाने धंद्याचे निर्णय करासाठी फिरवू नयेत.

नाक्याची एक आठवण. सीमेवरच्या एका नाक्यावर रात्री दहाला ट्रक थांबवला. कोल्हापूरहून यंत्राचे भाग येत होते. बिल बरोबर, बिल्टी बरोबर, डिलिव्हरी नोटवर गाडीच्या नंबरात एकाचा सात झालेला. ड्रायव्हरचा फोन आला, मी गेलो. अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण दंड किती हे त्याच्या हातात होतं, आणि ते त्याला माहीत होतं, ड्रायव्हरला माहीत होतं, मलाही. सकाळी सहाला गाडी सुटली. कशी ते लिहीत नाही. जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले, २०१८ पासून इ-वे बिल आलं. त्यातही नंबर चुकतोच. पण सप्टेंबर २०१८ मध्ये एक परिपत्रक निघालं : गाडीच्या नंबरात एकदोन अंक चुकले तर दंड केंद्राचा ५०० अधिक राज्याचा ५००. आंतरराज्य असेल तर १०००. आकडा छापील. त्या कागदासाठी मी दिल्लीला मनातून नमस्कार केला.

इथे एक प्रामाणिक खुलासा. सीमा ओलांडताना कर वाहून नेणारी आयजीएसटीची युक्ती केळकरांची म्हणून खपवू नका. ती राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या अधिकारप्राप्त समितीच्या नोव्हेंबर २००९ च्या चर्चापत्रातून पुढे आली, असीम दासगुप्ता तिचे अध्यक्ष होते. जीएसटीचा बाप कोण हा वाद टीव्हीवाल्यांना सोडू. केळकरांनी काय केलं, तर विषय टेबलावर मांडला आणि मग वित्त आयोगातून त्याचा हिशोब मांडला.

तो हिशोब तू नीट वाच, कारण सरकारने ऐकलं की नाही याचं उत्तर तिथे आहे. तेराव्या वित्त आयोगाचा अहवाल डिसेंबर २००९ चा. अरबिंद मोदी नावाचे आयकर सेवेतले अधिकारी आयोगाच्या जीएसटी कृती गटात होते. त्यांचं गणित असं की केंद्राचा ५ आणि राज्याचा ७, मिळून १२ टक्के एकच दर ठेवला, सवलती गाळल्या, पेट्रोलियम, वीज असलं सगळं आत घेतलं, तर कोणाचंच उत्पन्न बुडत नाही. राज्यांना भीती वाटते ना, मग ५० हजार कोटी भरपाईसाठी बाजूला ठेवा, पण अट एकच : आराखडा पुरा घ्या, मोडून घेऊ नका.

राज्यांनी आणि केंद्राने काय घेतलं? चौकट घेतली, शिस्त ठेवली. म्हणजे ठेवून दिली, फडताळात. दर आले ५, १२, १८, २८, आणि वर उपकर. पेट्रोल, डिझेल, दारू बाहेर.

एका बिडीत हे दिसतं, आणि बिडी आमच्या गावचीच. २०१७ ला तंबाखूच्या पानावर ५ टक्के, तेही शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्या वखारवाल्याने उलट्या पद्धतीने भरायचे. तेंदूच्या पानावर १८. तयार बिडीवर २८. तर मग वाळवून, कुटून, चाळून पोत्यात भरलेला तंबाखू म्हणजे 'पान', की 'प्रक्रिया न केलेला तंबाखू'? पहिलं असेल तर ५, दुसरं असेल तर तेव्हा २८ आणि वर उपकर. वखारीत बायका दिवसभर जो तंबाखू पाखडतात तो नेमक्या कुठल्या फेरीला पान राहत नाही, यावर मी किती वेळा लेखी उत्तरं दिली आहेत! खोटं कशाला बोलू, या गोंधळावरच आमच्यासारख्यांचं घर चालतं. तंबाखूवर वेगळं जादा शुल्क लावायला केळकरांच्या आराखड्यात जागा होती. पण मूळ दर एकच असता तर 'पान कशाला म्हणावं' हा वाद कराच्या पहिल्याच पायरीवर उभा राहिला नसता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ या दोन दरांत आल्या, तेंदूपान ५ वर आलं. एकाच दराच्या दिशेने सरकलो, एवढं म्हणता येईल.

आता डिझेल. केळकर पेट्रोलियम सचिव असताना, सरकारने भाव ठरवून द्यायची जुनी पद्धत मोडायचं धोरण आखलं गेलं; ती पद्धत १ एप्रिल २००२ ला अधिकृतपणे संपली. प्रत्यक्षात भाव सरकारच ठरवत राहिलं. २०१२ च्या सप्टेंबरात त्यांच्याच समितीने तुटीबद्दल इशारा दिला आणि डिझेलचं अनुदान उतरवा म्हणून सांगितलं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला साधारण ५० पैशांनी भाव चढू लागला, ऑक्टोबर २०१४ ला डिझेल मोकळं झालं. माझ्या एका पंपवाल्या अशिलाने तेव्हा गंमत सांगितली होती : पाच रुपये एकदम वाढले की रात्री पंपावर रांग लागते आणि सकाळी मोर्चा येतो, पन्नास पैसे वाढले तर ड्रायव्हर विचारतसुद्धा नाही. सुधारणा कशी पचवायची याचा धडा म्हणून हे उदाहरण तुझ्या परीक्षेत खुशाल लिही.

पण भाव मोकळा झाला तरी कर दोन राज्यांचे दोन राहिले. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे पंपांवर बरीच वर्षं पाट्या असायच्या : महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. कोल्हापूरचे ट्रक इथे टाकी भरून जायचे. फाउंड्रीवाल्याला डिझेलवरच्या कराची एक पैची वजावट नाही. जीएसटीने बांध फोडला तो इथे शाबूत आहे, आणि पंपवाल्यांना तो हवाच आहे.

एवढं कौतुक केलं, आता माझी तक्रार. केळकरांच्या पठडीतले अर्थतज्ज्ञ दराचा, पायाचा, वजावटीचा विचार बारीक करतात, पण कागद भरायला लागणाऱ्या वेळेची किंमत त्यांच्या गणितात नीट येत नाही. आणि सीमेवरच्या लहान माणसाची तर येतच नाही. चिकोडी तालुक्यातल्या बायकांचा एक बचत गट कांदा-लसूण मसाला करतो. मिरची संकेश्वरची, चव अशी की कागल-कोल्हापूरची दुकानं मागून घेतात. त्यांची वर्षाची विक्री सहा-सात लाख. कर्नाटकातच विकलं तर मालासाठी ४० लाखांपर्यंत नोंदणी नको. पण कागलच्या दुकानाला पेटी पाठवली की आंतरराज्य पुरवठा, आणि त्याला मर्यादाच नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. कंपोझिशनची सोपी योजना घ्यावी तर त्यात राज्याबाहेर माल देताच येत नाही. म्हणजे बेळगावला, शंभर किलोमीटर असो नसो, बिनकागदाचं पाठवा, आणि शेजारच्या कागलला पाठवायचं तर नोंदणी आणि रिटर्न. त्या गटाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, "अण्णा, आम्ही मसाला कुटायचा का पासवर्ड लक्षात ठेवायचा?" मी त्यांना सांगितलं, घेणाऱ्याला इथे येऊन उचलू दे, ताबा इथे दिला की पुरवठा इथला असं मांडता येतं, वाद आहे त्यावर. आता कागलचा दुकानदार दर सोमवारी मोटारसायकलवर येतो. करासाठी धंदा फिरवू नये म्हणतात ना, तो अजून फिरतोच, फक्त आता मोटारसायकलवर.

भाषेचंही सांगतो, कारण तू विचारलं नसलंस तरी तुझ्या मनात असणार. व्हॅटच्या काळात नोटिसा कन्नडमध्ये यायच्या आणि जुने मराठी व्यापारी त्या घेऊन माझ्याकडे धावायचे. जीएसटीचं पोर्टल इंग्रजीत. आता कन्नड व्यापारीही धावत येतात. दोघांवर सारखाच अन्याय, हीसुद्धा एक प्रकारची समानताच.

एका गोष्टीवर थोडं थांबतो, कारण तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. कर्नाटकाने जकात १९७९ लाच काढली. तेव्हापासून इथल्या नगरपालिका वरून येणाऱ्या पैशाकडे डोळे लावून असतात. तेराव्या आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा साडेतीसवरून ३२ टक्के केला, आणि पंचायती-नगरपालिकांचं अनुदान ठोक आकड्याऐवजी करवसुलीच्या टक्क्याशी जोडलं. पुढे केळकर आणखी पुढे गेले : जीएसटीतला ठराविक हिस्सा थेट तिसऱ्या स्तराला, म्हणजे गावांना आणि शहरांना द्या. हे अजून झालेलं नाही. निपाणीच्या पेठेतून जो कर गोळा होतो त्यातला किती गटारीला आणि पाण्याला परत येतो, हे नगरसेवकालाही सांगता येत नाही, कारण तसा हिशोबच नाही. २००४ ची कल्पना २०१७ ला आली, २००२ ची २०२० ला. हिला किती लागतील, तुम्ही मुलं मोजा.

तुझ्या "ऐकलं का" या प्रश्नावर मी हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर एकट्याने विरोधी टिपण लिहिलं, ते बरोबर निघालं असं आज पुष्कळजण म्हणतात, पण तेव्हा कोणी दखल घेतली नाही. केळकर आत राहिले, आकडे मांडले, अर्धं मिळालं तरी पुढच्या समितीत उरलेलं पुन्हा मांडलं. आतून काम करणाऱ्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि वाटेत त्याच्या आराखड्याची मोडतोड होते, हे धरूनच चालायचं. प्रबंध करणार असशील तर तेराव्या आयोगाच्या अहवालातलं जीएसटीचं प्रकरण आणि २०१७ चे प्रत्यक्ष दर शेजारी शेजारी ठेव. मग निपाणीला ये. मी तुला दोन वह्या दाखवतो, एक २००८ ची आणि एक आत्ताची, एकाच माणसाची.

तो माणूस म्हणजे तोच, दोन फर्मवाला. कागलची फर्म २०१८ ला बंद केली. खोली सोडली नाही अजून, भाडं कमी आहे, आणि म्हणतो, "कायदा परत बदलला तर?"